‘डोळ्यांपुढे उभे राहते’ म्हणजे काय?

१

इतवारीतल्या सराफा ओळीत, एका पेढीवर, आमची चार जणांची बैठक गेली कित्येक वर्षे भरत आली आहे. रात्री शटर अर्धे खाली आले आणि दिवसाचा हिशेब मिळाला, की गादीवरच्या वह्या बाजूला सरतात आणि त्यांच्या जागी एखादे पुस्तक येते. बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. पेढीचा मालक माझा शाळासोबती. त्याची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. चौथे एक मस्कासाथेतले धान्याचे दलाल. मी कॉलेजात मराठी शिकवले आणि अधूनमधून समीक्षा लिहिली. एवढीच काय ती आमची साहित्यसभा.

एका रात्री ताईंनी बालकवींची ‘औदुंबर’ वाचून दाखवली. आठ ओळींची कविता. आम्हां सगळ्यांची पाठ. वाचून झाल्यावर पेढीमालक सहज म्हणाला, “ऊन डाव्या हाताने येते. अर्धे झाड उजेडात, अर्धे काळे.”

मी म्हटले, “कवितेत ऊन कुठे आहे?”

“नसेना का. मला दिसते ते सांगतो. तुझ्या झाडावर कोणत्या बाजूने येते?”

एरवी मी हसून हा प्रश्न टाळला असता. त्या रात्री मात्र उत्तर शोधण्यासाठी मी खरोखरच डोळे मिटले. आत झाड नव्हते. डोह नव्हता, झरा नव्हता. मिटलेल्या पापण्यांमागे असतो तो अंधार होता, आणि त्या अंधारात कविता मात्र शब्दाशब्दाने शाबूत होती.

“मला झाड दिसत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे अंधुक दिसते?”

“अंधुक नाही. दिसतच नाही. कधीच दिसले नाही.”

“अरे बाप्पा! मग इतकी वर्षे छापून आणतोस ते काय? ‘चित्र डोळ्यांपुढे उभे राहते’ म्हणून?”

मी खरे तेच सांगितले. मला वाटत होते, ती एक बोलण्याची पद्धत आहे. ‘पोटात कालवले’ म्हणताना कोणी पोटात हात घालून पाहत नाही, तसेच हे. पेढीमालकाचा त्यावर विश्वास बसेना. एखादी गिऱ्हाईक बाई आपल्या आजीच्या बोरमाळेचे वर्णन करू लागली, की ती बोरमाळ त्याच्यासमोर लोंबकळू लागते. कोणता मणी चेपलेला हे तो फिरवून पाहतो आणि मग कारागिराला सांगतो. हे त्याला इतके स्वाभाविक वाटत होते, की दुसऱ्या कोणाला ते येत नसेल अशी शंका साठ वर्षांत त्याला आली नव्हती. मलाही त्याच्या उलट शंका आली नव्हती.

दलाल मान हलवून म्हणाले, “सर, मलाही झाड दिसले नाही जी. पण ताईंचा आवाज अजून कानात चालू आहे. शेवटची ओळ दोनदा झाली.”

ताई सावकाश म्हणाल्या, “माझ्या तर पायाला गार लागले.”

एकाच कवितेचे हे चार वाचक: एकाला दिसले, एकाला ऐकू आले, एकीला स्पर्श झाला आणि चौथ्याला यांपैकी काहीच झाले नाही. तरी कविता चौघांनाही आवडली होती, आणि वाचन संपल्यावर चौघेही सारखेच गप्प झाले होते. त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपण समीक्षक ज्या चित्राचे इतके कौतुक करतो, ते नेमके कोणाच्या मनात असते?

२

प्रश्न नवा नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने अनेकांना एक प्रश्नावली पाठवली होती. आज सकाळी ज्या मेजावर तुम्ही न्याहारी केली ते मेज आठवा. ते स्पष्ट दिसते की अंधुक, उजेड किती, वस्तूंना रंग आहेत की नाहीत, हे लिहून कळवा, असे त्याने विचारले होते. उत्तरे पाहून तो चकित झाला. काहींनी ते मेज प्रत्यक्षाइतके लख्ख दिसते असे लिहिले, तर काही विद्वानांनी ‘मनश्चक्षू’ ही केवळ एक अलंकारिक भाषा आहे असे समजून उलट गाल्टनलाच वेड्यात काढले. शास्त्रज्ञांना प्रतिमा कमी दिसतात हे त्याचे अनुमान पुढे वादग्रस्त ठरले; पण माणसामाणसांत हा फरक आहे हे निरीक्षण टिकून राहिले. ते विद्वान आणि मी एकाच पंक्तीचे, हे वाचून मला थोडा धीर आला.

इतवारीत न्याहारीच्या मेजाचा उपयोग नाही. आम्ही मारबत घेतली. गाल्टनच्या निबंधानंतरच्याच वर्षी, १८८१ साली, नागपुरात काळी मारबत प्रथम निघाली. पिवळी १८८५ साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन अवाढव्य पुतळ्यांच्या मिरवणुका इतवारीत एकमेकींना भेटतात, सोबत बडगे असतात, आणि ईडापीडा घेऊन जाण्याची हाक घालत गर्दी पुढे सरकते. इतवारीत वाढलेल्या माणसाला ही आठवण नाही असे होणे शक्य नाही. म्हणून आम्ही चौघांनी डोळे मिटले.

पेढीमालकाला पिवळीच्या अंगावरचा रंग दिसला, दात दिसले, एका खिडकीतून वाकलेली बाई दिसली. दलालांना ताशे आणि ती हाक ऐकू आली. त्या आवाजाच्या चढउतारावरून मिरवणूक कुठल्या वळणावर आहे ते त्यांनी सांगितले. ताईंना घामेजलेल्या गर्दीचा रेटा खांद्यावर जाणवला. मला काय झाले? मला माहीत होते. पिवळी उंच होती, वडिलांनी मला खांद्यावर घेतले होते, मी घाबरलो होतो, हे सारे मला ठाऊक होते. क्रमाने सांगता येत होते. घशात आवंढाही आला. पण एकही रंग, एकही चेहरा समोर आला नाही.

आता या अवस्थेला नाव आहे. इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठाचे मज्जाविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला होता. हृदयावरच्या एका उपचारानंतर त्याच्या मनातील चित्रे एकाएकी नाहीशी झाली होती. त्याच्यावरचा लेख २०१० साली आल्यावर, आम्हाला जन्मापासूनच असे आहे, असे सांगणारी माणसे झेमन यांना कळवू लागली. आणि २०१५ साली त्यांनी या स्थितीला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले. ॲरिस्टॉटल मनातील प्रतिमाशक्तीला ‘फँटेशिया’ म्हणे. तिचा अभाव तो हा. ज्यांना काहीच दिसत नाही अशी माणसे शेकड्यात एकाच्या आसपास, आणि अगदी पुसट दिसणारी धरली तर चारांच्या आसपास, असा अंदाज आहे. दुसऱ्या टोकाला माझ्या मित्रासारखी माणसे असतात. हा आजार नव्हे. उणेपणा म्हणावा तर ज्याच्यात आहे त्याला तो पन्नास-साठ वर्षे कळतही नाही. आतल्या आवाजाचेही तसेच. वाचताना आत बोलणारा आवाज काहींना अखंड ऐकू येतो, काहींना जवळजवळ नाहीच, आणि २०२४ साली या अभावालाही संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले.

मानसशास्त्राचे काम इथे संपते. समीक्षेचे मात्र इथे सुरू व्हायला हवे.

३

आपल्या समीक्षेची परिभाषा एकदा ओळीने मांडून पाहावी: शब्दचित्र, व्यक्तिचित्र, व्यक्तिरेखा, निसर्गचित्रण, रेखाटन, छटा, पार्श्वभूमी, चित्रदर्शी शैली. बहुतेक शब्द चित्रकाराच्या घरून उसने आणलेले. ‘प्रतिमा’ हा शब्दही मुळात मूर्तीचा, म्हणजे डोळ्यांनी पाहावयाच्या वस्तूचा. उसनवारीबद्दल तक्रार नाही. पण उसन्या शब्दांबरोबर एक गृहीतकृत्यही घरात शिरले: कवी एक चित्र पाहतो, ते शब्दांत बांधतो, आणि वाचक ते शब्द सोडवून तेच चित्र पुन्हा पाहतो. कविता ही जणू एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे पाठवलेली टपाल.

हे गृहीत धरू नये असे सांगणारे होऊन गेले आहेत. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२४ सालीच बजावले होते, की एका ओळीने पन्नास वाचकांच्या मनात एक चित्र उमटत नसून पन्नास निरनिराळी चित्रे उमटतात, आणि म्हणून कवितेचे मूल्य चित्राच्या स्पष्टपणावर ठरवणे व्यर्थ आहे. आपल्याकडे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये साहित्याचे माध्यम नाद नव्हे, दृश्य संवेदनाही नव्हे, तर भावनात्मक अर्थ होय, असे आग्रहाने मांडले. दोन वस्तू प्रतिमेत एकत्र येतात त्या डोळ्यांना सारख्या दिसतात म्हणून नव्हे, तर त्यांच्याशी निगडित भावना समान असतात म्हणून. त्यासाठी त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ हा शब्दप्रयोग केला. मर्ढेकरांच्या सिद्धान्तावर आपण पुष्कळ वाद घातले. परंतु त्यातून निघणारा हा साधा निष्कर्ष आपल्या रोजच्या लेखनात काही उतरला नाही. सिद्धान्त मर्ढेकरांचा मानायचा आणि परीक्षण लिहिताना ‘चित्र डोळ्यांपुढे उभे राहते’ असे लिहायचे, हा आपला रिवाज. त्यात मीही होतो. आणि मला तर ते दिसतही नव्हते!

आता ‘औदुंबर’कडे परत येऊ. निसर्गचित्राचा नमुना म्हणून ती शिकवली जाते. माझ्यासारख्याला ती काय देते?

मला ती एक वाट देते. आरंभी आपण झऱ्याच्या दोन्ही काठांवर असतो. मग नजर म्हणा, लक्ष म्हणा, दूरच्या टेकडीकडच्या चार घरांकडे जाते आणि तिथे न थांबता शेतांकडे परतते. मग एक पायवाट निघते. तिच्यावर कोणी माणूस नाही. वाटच चालते आहे. हिरवा रंग तीनदा येतो, पांढरा मात्र एकदाच येतो, तो या वाटेचा, आणि तो काळ्याकडे जाण्यासाठीच येतो. डोहापाशी वाट संपते. तिथे कोणीतरी पाण्यात पाय सोडून बसले आहे. माणसाने बसावे तसे. पण ते माणूस नाही, झाड आहे. चार घरांचे गाव मागे राहिले. त्या गावातला एकही माणूस कवितेत दिसला नाही, आणि कवितेत माणसाची एकच कृती आहे, ती एका झाडाने केली आहे. या कवितेत दुःखाचा एक शब्द नसता ती उदास का करते, याचे कारण मला या क्रमात सापडते. त्यासाठी रंग दिसावा लागत नाही. पांढऱ्यानंतर काळे आले एवढे कळावे लागते.

पेढीमालकाचे चित्र माझ्यापेक्षा श्रीमंत आहे, यात वाद नाही. पण त्या श्रीमंतीत काय काय आले हेही पाहिले पाहिजे. त्याच्या चित्रात ऊन आहे, पाण्यावर त्याची चकाकी आहे. खोदून विचारल्यावर कळले, की डोह त्याच्या आजोळच्या नदीतला आहे आणि काठावर एक डोंगा बांधलेला आहे. त्या डोंग्याने कवितेतला एकांत मोडतो. कवीने ज्या जागी कोणालाच ठेवले नाही, त्या जागी मित्राने नकळत नावाडी आणून बसवला. स्पष्ट दिसणे आणि नीट वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधीकधी पहिली दुसरीच्या आड येते.

उलट ताईंच्या पायाला लागलेला गारवा पाहा. तो त्यांच्या स्वभावातून आला हे खरे. पण तो कवितेला सोडून नाही. झाडाचे पाय पाण्यात आहेत; ताई क्षणभर झाड झाल्या. दलालांना शेवटची ओळ दोनदा ऐकू आली, हेही मला मार्मिक वाटते. वाट संपते तिथेच त्यांचे मन घुटमळले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येकाची आतली इंद्रिये वेगळी, म्हणून प्रत्येकाची कविता वेगळी आणि सगळ्यांचेच बरोबर, असे मला म्हणावयाचे नाही. तसे असते तर समीक्षेला दुकान बंद करावे लागले असते. कवितेतील शब्दांचा क्रम, त्यांची चाल, कोण आहे आणि कोण नाही, हे सर्वांसाठी एकच आहे. वाचकाच्या आत जे उमटते ते या कसोटीवर घासून पाहता येते. सराफाला हे समजावून सांगावे लागले नाही. सोने कोणत्याही घरातून आले तरी कसोटीचा दगड एकच असतो, असे तोच म्हणाला.

४

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०२१ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत बसवून माणसांना भीतिदायक गोष्टी वाचावयास दिल्या आणि भीतीने त्वचेवर घामाचा जो सूक्ष्म फरक पडतो तो यंत्राने मोजला. मनात चित्रे पाहणाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट रंगत जाईल तसा तो वाढत गेला. चित्रे न दिसणाऱ्यांच्या बाबतीत तो जवळजवळ सपाट राहिला. मात्र भयानक छायाचित्रे प्रत्यक्ष दाखवल्यावर दोघेही सारखेच घाबरले. म्हणजे माझ्यासारख्याला भीती वाटत नाही असे नाही. वाचलेल्या शब्दांनी ती अंगावर येत नाही.

हे वाचून मला नारायण धारपांची आठवण झाली. कॉलेजात असताना मित्र धारप वाचून रात्री दिवा मालवायला भीत. मी त्याच कथा वाचून स्वस्थ झोपे. मित्रांना वाटे मी धीट आहे. मला वाटे मित्र नाटकी आहेत. दोन्ही समजुती खोट्या होत्या. काही लेखन खरोखर चित्रावरच उभे असते, आणि त्यातला मोठा वाटा मला कधी मिळालाच नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रवासवर्णनांतील लांबलचक देखावे मी आजही पाने उलटून पुढे जातो. आजवर तो दोष मी लेखकांच्या माथी मारीत आलो. त्यातला काही माझा होता.

तर मग भयानक रस मला वर्ज्य आहे काय? येथे अभिनवगुप्तांचा आधार घ्यावासा वाटतो. ‘अभिनवभारती’त त्यांनी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील प्रसंग घेतला आहे: दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे हरिण. वाक्यार्थ कळल्यानंतर रसिकाला एक मानस प्रतीती होते, जिच्यात हे विशिष्ट हरिण, तो विशिष्ट काळ आणि ते स्थळ गळून पडते, आणि उरते ते केवळ भय. हे भय जणू हृदयात शिरते, जणू डोळ्यांपुढे फिरू लागते, असे ते म्हणतात. वर्षानुवर्षे शिकवूनही या विवेचनातल्या दोन गोष्टींकडे माझे लक्ष गेले नव्हते. एक, ‘जणू’ हा शब्द दोन्हीकडे आहे. दुसरी त्याहून महत्त्वाची. डोळ्यांपुढे जणू फिरते ते हरिण नव्हे, भय फिरते. हरिण तर त्यापूर्वीच गळून पडले आहे! आणि भयाला रंग नाही, आकार नाही.

त्या प्रयोगातील यंत्र मोजते ती अंगावर आलेली भीती, ‘मला’ काहीतरी होईल ही. अभिनवगुप्त ज्याला रस म्हणतात त्यात ‘मी’ आणि ‘माझे’ सुटलेले असते. या दोन गोष्टी एकच आहेत की नाहीत हे यंत्राने अजून ठरवलेले नाही. म्हणून मी एवढेच म्हणेन: चित्र हे रसाकडे जाण्याचे एक दार आहे, आणि ते काहींच्या घराला नाही. पण घराला दार एकच असते असे कोणी सांगितले?

५

हा प्रश्न केवळ आस्वादाचा नाही, न्यायाचाही आहे. ग्रेस नागपूरचे. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या तेव्हापासून २०१२ साली ते गेले तोपर्यंत, आणि नंतरही, त्यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप होत राहिला. आमच्या पेढीवरही तो झाला. पेढीमालकाला ग्रेस सोसत नाहीत. एक प्रतिमा नीट दिसू लागते न लागते तोच दुसरी तिच्यावर येऊन पडते, दोन्ही एका चित्रात बसत नाहीत, आणि त्याला शिणल्यासारखे होते. दलालांना मात्र ग्रेस अडत नाहीत. कानाने ऐकल्यावर त्यातली हाक त्यांना कळते. मलाही ते कधी फार अवघड वाटले नाहीत, आणि याचा मी काही काळ अभिमानही बाळगला. आता वाटते, अभिमानाचे काही कारण नव्हते. जी चित्रे एकमेकांवर आदळून माझ्या मित्राला त्रास देत होती, ती माझ्याकडे मुळी नव्हतीच.

ग्रेस यांची दुर्बोधता सर्वस्वी वाचकांच्या डोळ्यांत आहे असा माझा दावा नाही. त्यांच्या कवितेत इतरही अडचणी आहेत. पण ‘या प्रतिमेचे चित्रच होत नाही’ हा आक्षेप घेणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की हिचे चित्र व्हावे अशी अट कोणी घातली होती? कवीने, की आपल्या मनाच्या घडणीने? दुर्बोधतेच्या वादात दोन्ही पक्ष कवितेविषयी भांडत असतात. पुष्कळदा ते एकमेकांच्या न पाहिलेल्या मनांविषयी भांडत असतात.

या संदर्भात विदर्भातल्याच एका महापुरुषाचे स्मरण होते. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, वर्षाचे व्हायच्या आत त्यांची दृष्टी गेली, आणि १९१५ साली, ऐन उमेदीत, ते वारले. एवढ्या अवधीत दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि दुसऱ्यांच्या हातून लिहवून त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानले, श्रीकृष्णाला पती मानून मधुरा भक्ती केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ज्याने कधी रूप पाहिल्याचे आठवत नाही, तो रूपाची भक्ती करतो. ज्याला रंग ठाऊक नाहीत, तो श्याम वर्णाच्या देवावर जीव टाकतो. त्यांच्या अंतरी काय प्रकटत होते हे बाहेरून सांगणे हा उद्धटपणा होईल. पण एवढे निश्चित, की त्यांच्याकडे ‘श्याम’ हा शब्द डोळ्यांच्या वाटेने आला नव्हता. भाषेच्या आणि प्रेमाच्या वाटेने आला होता, आणि तेवढ्याने काम झाले. शब्दांत चित्रापलीकडचे काही असते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

६

आता एक घरगुती गोष्ट. लहानपणी संध्याकाळी देवापुढे बसवून आई सांगे, “डोळे मिट आणि विठोबाला समोर आण.” मी डोळे मिटी. विठोबा येत नसे. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला येई. तो कमरेवरचे हातही सांगे. माझी भक्ती कमी पडते असे मी समजलो, आणि पुढे देवाचे नाव घेणेच सोडले. आई गेल्यावर तिचा चेहरा आठवू पाहिला तोही आला नाही. भिंतीवर तसबीर होती म्हणून निभावले. पण चेहरा आठवत नाही म्हणजे माया नव्हती की काय, हा सल मी कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या रात्री पेढीवर बोललो. ताई म्हणाल्या, “ती कशी बोलायची ते सांग.” मी सांगू लागलो, तिचे शब्द, ती वाक्य अर्धवट कुठे सोडायची ते, उंबऱ्यापाशी थांबून परत एक गोष्ट सांगायची तिची सवय. पंधरा मिनिटे बोलत होतो. पेढीमालक म्हणाला, “मला आता ती दिसायला लागली.”

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलांविषयी बोलतात. या शब्दांची गोडी अशी असेल, की कानांनाच जिभा फुटतील. शब्द कानांचा खरा, पण जीभ म्हणेल रस माझा, नाक म्हणेल गंध माझा, डोळे म्हणतील हे तर रूप. आणि इंद्रियांत भांडण लागेल. मी हे नेहमी अतिशयोक्तीचे सुंदर उदाहरण म्हणून शिकवीत आलो. आता ते मला जवळजवळ शब्दशः खरे वाटते. कारण ते भांडण मी सराफा ओळीत प्रत्यक्ष पाहिले आहे. फक्त इंद्रिये एका देहात नव्हती, चार माणसांत वाटलेली होती. आणि संपूर्ण पद उभे राहिले, की मनच बाहेर झेपावते, असे ज्ञानेश्वर पुढे म्हणतात. कोणते इंद्रिय जिंकले हे ते सांगत नाहीत.

म्हणून समीक्षकांना, आणि सर्वांत आधी स्वतःला, माझी एक लहानशी सूचना आहे. ‘डोळ्यांपुढे उभे राहते’ हे शब्द वर्ज्य करू नयेत. पण लिहिताना ‘माझ्या’ हा शब्द अगोदर घालावा. मग पुढचे वाक्य आपोआप लिहावे लागते: माझ्या मनात हे असे झाले, ते कवितेतल्या अमुक शब्दांमुळे, अमुक क्रमामुळे. या दुसऱ्या वाक्यातच समीक्षा असते.

ही सूचना मला फार उशिरा सुचली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परीक्षेत मी ‘औदुंबर’वर प्रश्न घातला होता: या कवितेतील निसर्गचित्राचे वर्णन करा. एका मुलीने चित्राविषयी काहीच लिहिले नव्हते. तिने लिहिले होते, की ही कविता वाचताना आपण चालत असल्यासारखे वाटते, आणि शेवटी कोणीतरी आधीच बसलेले आहे म्हणून थांबावे लागते. मी समासात लाल पेन्सिलीने ‘चित्र कुठे आहे?’ असे लिहून दहापैकी तीन गुण दिले. त्या मुलीला चित्र दिसत नव्हते की दिसूनही तिने त्यापलीकडचे लिहिले, हे मला माहीत नाही. नावही आठवत नाही, चेहरा आठवण्याचा तर प्रश्नच नाही. पण तिचे ते वाक्य आठवते. ते बरोबर होते. या लेखात ‘औदुंबर’विषयी जे चार शब्द मी लिहिले आहेत, त्यांतले निम्मे तिचे आहेत.